वाचक विचारतात: जुनी ऑडी टीटी घ्यावी का, आणि घेतली तर काय काय निघतं?

सेकंडहँड आलिशान कूपेबद्दल येणाऱ्या पत्रांत ऑडी टीटीचं नाव वारंवार असतं. नवी असताना पन्नास-साठ लाखांच्या घरातली ही गाडी आता मध्यम सेडानच्या भावात मिळते, म्हणून मोह होतो. या वेळचे सगळे प्रश्न टीटीवरच घेतले आहेत, त्यातही मुख्यतः २००६ ते २०१४ या काळातल्या दुसऱ्या पिढीवर. खर्चाचे आकडे अंदाजे आहेत. ते जर्मन गाड्यांचं काम करणाऱ्या पुण्या-मुंबईतल्या खासगी गॅरेजचे, मजुरी धरून. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दीडपट ते दुप्पट धरा.

२०११ची टीटी, दोन लिटर पेट्रोल, ६४,००० किमी. मालक १४ लाख सांगतोय. बघायला जाताना नेमकं काय तपासू? (कोथरूड, पुणे)

आधी आरसी मागवा आणि इंजिन नंबराची सुरुवातीची अक्षरं बघा. बीडब्ल्यूए असेल तर ते जुनं २०० अश्वशक्तीचं, टायमिंग बेल्टवालं इंजिन. सीईएसए किंवा सीईटीए असेल तर २०१०नंतरचं २११ अश्वशक्तीचं, चेनवालं. दोघांचे रोग वेगळे. बेल्टवाल्यात हाय प्रेशर पंपाखालचा कॅम फॉलोअर झिजतो. बशीएवढाही नसलेला, दोन-तीन हजारांचा तुकडा, पण त्याला भोक पडलं की पंप आणि कॅमशाफ्ट दोन्ही जातात. तो दर ३०,००० किमीला काढून बघायचा. चेनवाल्यात टेन्शनर आणि ऑईल, त्याबद्दल पुढे आहेच.

गाडी बघायला जाण्याआधी मालकाला सांगा की सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. थंड इंजिनाचे पहिले तीन सेकंद जे सांगतात ते नंतरची अर्ध्या तासाची फेरी सांगत नाही.

लोहचुंबक घेऊन पुटी शोधायची सवय इथे उपयोगाची नाही. या टीटीचा सांगाडा ६९ टक्के ॲल्युमिनियम आणि ३१ टक्के पोलाद असा आहे. पुढचे मडगार्ड, बॉनेट, छप्पर ॲल्युमिनियमचं, तर दरवाजे आणि डिकीचं झाकण पोलादी. बॉनेटवर चुंबक चिकटला नाही म्हणजे गाडी ठोकलेली असं नव्हे. दोन्ही धातूंवर चालणारा पेंट-जाडी मोजणारा मीटर भाड्याने आणा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, ३००च्या वर गेला की पुटी समजा. पुढून जोरात ठोकलेली ॲल्युमिनियमची गाडी नेहमीच्या डेंटरच्या हातची नाही. ती सरळ सोडून द्या.

चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच वयाचे हवेत. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. पुढे नवे, मागे जुने असतील तर क्वाट्रोच्या, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या यंत्रणेच्या, क्लचवर ताण आलेला असणार. मग जागच्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, चढावर थांबवून ब्रेक सोडून पुढे सरकू द्या, रिव्हर्समध्ये टाका. धक्का, ठोका, घरघर, जे काही येईल ते लिहून घ्या. शेवटी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र, लावा. हजार-दीड हजार जातात, पण घासाघीस त्याच कागदावर होते.

१४ लाख हा भाव कागदपत्रं आणि गिअरबॉक्स ऑईल बदलल्याचं बिल असेल तरच. काही झालं तरी पहिल्या वर्षासाठी अडीच-तीन लाख बाजूला ठेवून मगच व्यवहार करा. ते नसतील तर गाडी परवडत नाही, भाव कितीही उतरवून मिळाला तरी.

सकाळी सुरू करताना दोन-तीन सेकंद खरखर होते, मग गाडी एकदम शांत. मेकॅनिक म्हणतो, “जुनी गाडी आहे, चालायचंच.” (नाशिक)

नाही चालायचं. २०१०च्या पुढचं चेनवालं इंजिन असेल तर हा टायमिंग चेनच्या टेन्शनरचा आवाज असू शकतो. टेन्शनर ऑईलच्या दाबावर चेन ताणून धरतो. इंजिन बंद झालं, दाब उतरला की त्याचा दट्ट्या मागे येऊ नये म्हणून आत दातेरी खटका असतो. सुरुवातीच्या बनावटीत हा खटका तुटतो. मग रात्रभर चेन ढिली पडते आणि सकाळी सेल मारल्यावर ऑईलचा दाब येईपर्यंत ती आपटते. एखाद्या दिवशी दोन-चार दाते उडी मारते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेडचं काम निघतं. ते अडीच ते चार लाखांचं.

आधी स्वस्तातली शंका दूर करा. या इंजिनाचा ऑईल फिल्टर वरच्या बाजूला असतो. आतलं ऑईल खाली उतरू नये म्हणून त्यात झडप असते. हलक्या फिल्टरची झडप गळते आणि तशीच खरखर येते. चांगला फिल्टर हजार-दीड हजाराला मिळतो. तो घाला आणि दोन सकाळी ऐका. आवाज गेला तरी पुढची तपासणी टाळू नका. खालच्या टायमिंग कव्हरवर एक रबरी बूच आहे, ते काढून टॉर्च मारली की टेन्शनर जुन्या बनावटीचा की २०१२नंतरच्या सुधारित बनावटीचा हे कळतं. सोबत स्कॅनरवर कॅमशाफ्टचा फेज कोन बघा. शून्याच्या आसपास असेल तर चेन ठीक. वजा चारच्या पलीकडे गेला तर चेन लांबलेली आहे, नुसता टेन्शनर बदलून भागणार नाही.

काम करताना चेन, टेन्शनर, तिन्ही गाईड, बॅलन्स शाफ्टची चेन आणि क्रँकचा बोल्ट असा पूर्ण संच घाला. तो बोल्ट ताणून बसणारा आहे, जुना पुन्हा वापरायचा नसतो. काही गॅरेजवाले पाचशे रुपये वाचवायला तोच आवळतात, म्हणून नवा बोल्ट बिलात लिहून घ्या. ६० ते ९० हजार, दीड-दोन दिवस. तोवर गाडी उभी ठेवा.

दर १,२०० किमीला एक लिटर ऑईल भरावं लागतं. गॅरेजने इंजिन उघडायला तीन लाख सांगितले. (कोल्हापूर)

कंपनीच्या पुस्तकात हजार किमीला अर्ध्या लिटरपर्यंत खप चालतो असं लिहिलेलं असतं. तुमचा हिशेब ०.८३ लिटरचा होतो, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. तरी लगेच इंजिन उघडू नका.

पहिला संशय पीसीव्ही व्हॉल्व्हवर. इंजिनातली वाफ पुन्हा इनटेककडे नेणारा हा काळा प्लॅस्टिकचा भाग इंजिनाच्या माथ्यावरच बसतो. त्यातला रबरी पडदा फाटला की वाफेबरोबर ऑईलही ओढलं जातं. इंजिन चालू असताना ऑईलचं झाकण उचलून बघा. हाताला जोरात ओढ लागली, शिट्टीसारखा आवाज आला तर पडदा फाटलेला. भाग सहा ते दहा हजारांचा, काम अर्ध्या तासाचं. बराच काळ फाटका राहिला असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं मागचं सीलही गळू लागतं. तेही खालून बघून घ्या.

पीसीव्ही बदला, ऑईल दांडीच्या वरच्या खुणेपर्यंत भरा, गाडी सपाट जागी उभी करून आकडा लिहा. हजार किमी चालवून त्याच जागी, तितकीच गरम असताना पुन्हा मोजा. खप तसाच राहिला तर दोष पिस्टनच्या ऑईल रिंगांचा. या पिढीत त्या फार बारीक केल्या होत्या आणि ऑईल परत खाली जायची छिद्रंही लहान. कार्बनने ती बुजतात. उपाय म्हणजे सुधारित पिस्टन आणि रिंगा, आणि खर्च खरंच सव्वादोन ते सव्वातीन लाख.

आता दुसरा हिशेब. वर्षाला ८,००० किमी चालवत असाल तर साडेसहा-सात लिटर ऑईल लागेल. ८०० रुपये लिटरने साडेपाच हजारांच्या आत. सात-आठ वर्षं वरून भरत राहिलात तरी पन्नास हजारांपर्यंत जात नाही. स्पार्क प्लग ओले निघत नसतील आणि धूर दिसत नसेल, तर दांडी दर पेट्रोलच्या टाकीला बघा आणि चालवा. गाडीची किंमत दहा लाख आणि पिस्टनला तीन, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ऑईल कमी होणं थांबवणाऱ्या बाटल्या मिळतात, त्या घेऊ नका.

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला धक्के. मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्सचा कंट्रोल भाग) गेलं, दोन लाख, असं ऐकवलं. (ठाणे)

या टीटीचा गिअरबॉक्स सहा गिअरचा, ऑईलमध्ये बुडालेल्या दोन क्लचचा. स्कोडा-फोक्सवॅगनच्या पेट्रोल गाड्यांत सात गिअरचा कोरडा क्लच येतो, त्याच्या कुप्रसिद्धीचं पाप याच्या माथी मारू नका. याला फक्त वेळेवर ऑईल लागतं: दर ६०,००० किमीला, आपल्या ट्रॅफिकमध्ये ५०,०००ला. पहिला प्रश्न हाच, की तुमच्या गाडीचं शेवटचं कधी बदललं? बिल नसेल तर बदललेलं नाही असंच समजा.

पद्धत महत्त्वाची आहे, कारण इथेच घोळ होतो. खालचा बोल्ट काढला की थोडंच ऑईल येतं. त्याच भोकात आत प्लॅस्टिकची उभी नळी असते, ती ८ मिमीच्या ॲलन कीने काढल्यावर खरं ऑईल उतरतं. मग नळी परत हलक्या हाताने, ३ न्यूटन-मीटरपेक्षा जास्त नाही, कारण ती तुटते. वरचा फिल्टर बदलायचा. साधारण सव्वापाच लिटर ऑईल जातं, आणि ते याच गिअरबॉक्ससाठीचं हवं, ऑटोमॅटिक गाड्यांचं साधं गिअर ऑईल (एटीएफ) नव्हे. शेवटी इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर गिअरबॉक्सचं तापमान ३५ ते ४५ अंशांत असताना, नळीतून जास्तीचं ऑईल थेंब-थेंब ठिबकायला लागलं की बोल्ट लावायचा. तापमान न बघता भरलेलं ऑईल कमी-जास्त होतं आणि धक्के तसेच राहतात. नंतर स्कॅनरनेच क्लचचं अडॅप्टेशन, म्हणजे नव्याने जुळवणी, करून घ्या. १८ ते २५ हजार.

एवढं करूनही धक्के राहिले तर मेकॅट्रॉनिक. नवं घ्यायच्या आधी दुरुस्त करणारे शोधा, साठ हजार ते सव्वा लाखात होतं. हाच गिअरबॉक्स स्कोडा लॉरा डिझेल ऑटोमॅटिकमध्ये होता, त्यामुळे तो उघडलेले हात ठाण्या-मुंबईत सापडतात.

कूलंट दर महिन्याला थोडं कमी होतं, जमिनीवर मात्र थेंबही नाही. (सोलापूर)

थेंब पडायच्या आधी गरम इंजिनावरच वाळतो. इनटेक मॅनिफोल्डच्या खाली टॉर्च मारा, गुलाबी पापुद्रा दिसेल. चेनवाल्या इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं घर प्लॅस्टिकचं आहे. उष्णतेने ते वाकतं, सांध्यातून झिरपतं. २०१५च्या नव्या टीटीतही हीच दुखरी जागा. सोलापूरच्या उन्हाळ्यात याची वाट बघू नका. नुसतं पाणी भरत राहिलात तर आणखी लवकर जाईल, ठरलेलं गुलाबी-जांभळं कूलंटच भरा.

पंप आणि थर्मोस्टॅट दोन्ही एकदम बदला. पंपाच्या छोट्या बेल्टची पुली ज्या बोल्टने बसते तो उलट्या आट्यांचा आहे. माहीत नसलेला माणूस जोर लावून तो मोडतो, म्हणून काम देण्याआधी हे काम पूर्वी केलंय का विचारा. ३० ते ४५ हजार.

आणि मॅनिफोल्ड उतरलाच आहे तर त्याच मजुरीत कार्बन काढून घ्या. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांवर डांबरासारखा थर बसतो. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबाने मारून तो काढतात. टरफल कार्बन उडवतं, धातूला ओरखडा पाडत नाही. वेगळं करून घेतलं तर १२ ते २० हजार, या कामाबरोबर निम्म्यात व्हायला हवं.

क्वाट्रो लिहिलंय, पण पावसात चढावर पुढची चाकं घसरतात. (महाबळेश्वर)

मागच्या ॲक्सलपुढचा, मागच्या चाकांना जोर पोचवणारा हाल्डेक्स क्लच काम करत नाहीये. त्याचं ऑईल वेगळं असतं, लिटरभरही नसतं, आणि बहुतेक गॅरेज त्याला हातच लावत नाहीत. दर तीन वर्षांनी किंवा ३०,००० किमीला ऑईल आणि फिल्टर बदला, आठ ते बारा हजार. २०१५नंतरच्या टीटीत वेगळा फिल्टर नाही. पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती क्लचच्या गाळाने बुजते आणि पंप जळतो. ऑईल बदलताना पंप काढून जाळी धुवायला सांगा. न धुता ऑईल बदललं तर पैसे वाया. पंप ३५ ते ६० हजार. चारही टायरांची नक्षी एकमेकांपासून दोन-तीन मिलिमीटरच्या आत ठेवा.

दार उघडताना काच खाली सरकत नाही, लावताना रबरावर आपटते. पावसाळ्यात सीट भिजली. (मडगाव)

टीटीच्या दाराला काचेभोवती चौकट नाही. हँडल ओढताच काच बोटाच्या पेराइतकी खाली येते आणि दार लागल्यावर वर जाऊन छताच्या रबरात घुसते. हा निरोप देणारा मायक्रोस्विच दाराच्या कुलपात बसवलेला आहे. तोच मेला की गाडीला दार उघडलेलं कळत नाही. खूण अशी: दार उघडल्यावर आतला दिवा लागतो का आणि मीटरवर दार उघडं असल्याची खूण येते का ते बघा. दोन्ही नसेल तर स्विच. दिवा लागतो पण काच हलत नाही, तर प्रश्न काचेच्या मोटरचा किंवा बॅटरी काढल्यानंतर हरवलेल्या सेटिंगचा. त्यासाठी काच पूर्ण वर नेऊन बटण दोन-तीन सेकंद वर ओढून धरायचं, सोडून पुन्हा तेच करायचं. फुकटात जमतं.

स्विचसाठी कंपनी पूर्ण कुलूप बदलते, १८ ते २५ हजार. हात चांगला असलेला ऑटो इलेक्ट्रिशियन कुलूप उघडून आतला स्विच बदलून देतो, चार-पाच हजारांत. आपटून रबर फाटलं असेल तर ते आधी मागवून ठेवा. दार, काच, रबर, दिवे या सगळ्या खास टीटीच्या वस्तू आहेत. गाडी हंगेरीतल्या ग्योरहून तयार यायची, इथे तिचा साठा नसतो. इंजिन आणि गिअरबॉक्सचे बरेच भाग मात्र छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जोडल्या जाणाऱ्या स्कोडांशी जुळतात, म्हणून ते लवकर आणि बऱ्या भावात मिळतात. एक हेडलाईट फुटला तर लाखाच्या वर बिल येतं. घेतानाच दोन्ही दिव्यांच्या आत दमट वाफ धरलीय का ते बघा.

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल चालेल का? (सांगली)

गाडी चालते. लिटरमागे ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी, तेवढं ॲव्हरेज उतरेल. खरी काळजी उभ्या गाडीची, आणि टीटी बहुधा रविवारीच निघते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत हवा कमी राहील. दर सर्व्हिसला पेट्रोलच्या रबरी नळ्या बोटाने दाबून बघा. फुगल्या किंवा चिकट लागल्या तर बदला.

दिल्लीची २००९ची टीटी इथल्यापेक्षा तीन लाखांनी स्वस्त मिळतेय. (मालाड, मुंबई)

फरक आरटीओत जाईल. तिथून एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणल्यावर इथे कर भरायचा. आयात गाडीला महाराष्ट्रात तो २० टक्के, वयानुसार घट धरून. टोकन देण्याआधी आरसी दाखवून आरटीओतच आकडा काढून घ्या. शिवाय १५ वर्षं उलटल्यामुळे नोंदणीचं नूतनीकरण लागणार. २०२२पासून आयात चारचाकीसाठी त्याची फीच ४०,००० रुपये आहे, वर ग्रीन टॅक्स आणि फिटनेस. गाडीवर कर्ज होतं का बघा, फेडलेलं असलं तरी फॉर्म ३५ हातात हवा. तीन लाखांतलं काय उरतं ते मग मोजा.

दुबईत टीटी फार स्वस्त आहे. परत येताना घेऊन आलो तर? (शारजा)

येणार नाही. जुनी गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते. तिकडच्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या. तिकडेच चालवा आणि निघताना विका.